आधी बटण, मग बाकीचे

ती जेवली असेल का, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही. घरात सगळे झोपलेत. नवरा घोरतोय, मुलगी आपल्या खोलीत, मांजराचं पिल्लू नवऱ्याच्या पायाशी, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एका परक्या बाईच्या पोटाची चिंता करतेय. बरं, ही बाई मला आवडते म्हणावं तर तसंही नाही. गेली दोन वर्षं तिचा विषय निघाला की माझ्या कपाळाला आठी पडते. तिची काळजी वाटते याचाच मला राग येतोय. पण डोळ्याला डोळा लागत नाही हे खरं. तेव्हा लिहूनच काढते, की ही बाई कोण, कशी, आणि माझ्या घराची पायरीही न चढता माझ्या घरात कशी शिरली.

माझी मुलगी तिला भिंगमावशी म्हणते. मला सख्खी-चुलत कुठलीच बहीण नाही, तरी माझ्या मुलीला मावशी आहे. आणि ही मावशी मीच तिला शोधून दिली, हे त्यातलं सगळ्यात झोंबणारं.

चौकातल्या चष्म्याच्या दुकानात ती कामाला आहे. पुढं काचेच्या कपाटात चौकटी, आरसे आणि मालकाचं हसू. मागं एक अरुंद खोली, तिथं ती. भिंगं घासायची, चौकटीत बसवायची, वाकलेल्या काड्या गरम करून सरळ करायच्या. मिसरूड फुटायच्या वयात मुलं जशी कामाला लागतात तशी ती झाडलोट करायला म्हणून लागली. जुन्या मालकाचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यानं तिला यंत्रावर बसवलं, तेव्हापासून ती तिथंच आहे. आता पन्नाशी उलटली. लग्न झालं होतं, टिकलं नाही. कारण विचारलं तर म्हणते, "आमचे नंबर जुळेनात," आणि स्वतःच खो-खो हसते. आवाज मोठा, जीभ तिखट. पत्ते खेळताना सरळ सरळ फसवते आणि पकडली गेली की समोरच्यावरच ओरडते. हे सगळं मला मुलीकडून कळलेलं. घरी ती मोजकं बोलते, पण त्या मोजक्यातलं निम्मं भिंगमावशीबद्दल असतं.

मुलगी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. चष्म्यावर बसली आणि काडी मोडली, एवढंच निमित्त. त्या दिवसांत ती आमच्याशी धड बोलत नव्हती. मी विचारायची, "काय झालं?" ती म्हणायची, "काही नाही." मी पुन्हा विचारायची, ती खोलीचं दार लावून घ्यायची, मी दाराबाहेरून विचारायची. काय करू, काळजी वाटली की मला प्रश्नच सुचतात. तर त्या दुकानात भिंगमावशी चष्मा घेऊन मागून बाहेर आली. अंगातल्या डगल्यावर भिंगाची पांढरी भुकटी आणि त्यात अडकलेले करडे केस.

मुलगी म्हणाली, "तुमच्याकडे मांजर आहे?"

"मांजर? गोतावळा आहे. एकजात आजारी. बघायचाय?"

"हो."

अशी झाली सुरुवात. मी पैसे देत गल्ल्यापाशी उभी, आणि माझी मुलगी मागच्या खोलीच्या दारात एका अनोळखी बाईशी बोलत होती. त्या महिन्यात घरी बोलली असेल त्याहून जास्त. मला वाटलं, चला, पोरगी बोलायला तरी लागली. हे मला तेव्हा वाटलं.

त्या मांजरांना काय झालंय ते मुलीनं मला जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं, मी घास खाली ठेवला तरी. रक्ताचा कर्करोग करू शकणारा एक विषाणू. माणसाला होत नाही, कुत्र्याला होत नाही, फक्त मांजराकडून मांजराला. आईकडून पिल्लाला, एकमेकांना चाटून, एका वाडग्यात खाऊन. थोडक्यात, उष्ट्यातून. बरं करणारं औषध नाही. काही मांजरं दोन-तीन वर्षं मजेत काढतात, काही लवकर जातात. अंगातली ताकदच कमी होते, साध्या सर्दीनंही आडवी होतात. म्हणून त्यांना बाहेर सोडायचं नाही, कच्चं काही खायला घालायचं नाही, वजनावर लक्ष ठेवायचं, आणि ओठ वर करून हिरड्या बघायच्या. हिरड्या गुलाबी असल्या की दिवस चांगला. फिकट दिसल्या की डॉक्टर.

असं मांजर कुणी घरी नेत नाही. ज्याच्याकडे आधीचं मांजर आहे त्याला नेता येत नाही, आणि ज्याच्याकडे नाही तो म्हणतो, मरणारंच कशाला आणू? भिंगमावशीनं पहिलं नेलं ते दुकानाच्या मागं सापडलेलं. तपासणीत रोग निघाला तेव्हा ज्यानं त्यानं सांगितलं, सोडून दे. तिनं ऐकलं नाही. "मी काही दयाळू-बियाळू नाही, ताई," ती मला पुढं एकदा म्हणाली होती, "पण सोड म्हटलं की मला घट्ट धरायचा हट्ट चढतो." मग डॉक्टर अशी मांजरं तिच्याकडेच पाठवायला लागले. सगळी एकाच रोगाची, त्यामुळे तिच्या घरात एकमेकांचं उष्टं खायला कुणालाच बंदी नाही. मात्र बाहेरच्या कुणी त्यांना हात लावलेला तिला खपत नाही. तिच्या घराखालच्या किल्लीवाल्यानं एकदा जाळीच्या दारातून बोट घालून एका बोक्याला गोंजारलं, तर तिनं कितीतरी दिवस त्याच्याशी अबोला धरला होता. माझ्या मुलीला तेवढी मुभा. फक्त माझ्या मुलीला.

मुलगी रोज संध्याकाळी जाते कुठं, ते आईनं बघायला नको? मी गेले. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या, अरुंद जिना. आधी लाकडी दार, ते आपल्यामागं लावून घ्यायचं, मग जाळीचं दार, म्हणजे कुणी सटकायला नको.

"या या, ताई. आलात शेवटी," भिंगमावशी म्हणाली. "अं हं, तिथं नका बसू. ती सासूबाईंची जागा आहे."

मी कुणी म्हातारी बाई दिसते का पाहिलं. खुर्चीवर एक करडी मांजर बसली होती आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होती की मी नकळत केस सारखे केले. तिच्या शेजारी पांढऱ्या मिशांचा एक दांडगा बोका, तो हवालदार.

"लेकीला न्यायला आलात की मला बघायला?"

"जाता जाता आले."

"जाता जाता? तुमचं घर तर अगदी दुसऱ्या टोकाला!"

"आई काळजी करते गं," आतून मुलीचा आवाज आला, "तो तिचा पूर्णवेळ धंदा आहे."

आणि दोघी हसल्या. एकदम, एका सुरात. मला ते हसणं पायात काटा रुतावा तसं रुतलं. त्यातही तो 'गं'. पहिल्या महिन्यात 'तुम्ही मावशी' होतं, मग कधी 'तू मावशी' झालं मला कळलंही नाही. तू आईला म्हणतात, मला म्हणतात.

मी उभी राहून बघत होते. घरी स्वतःचं ताट उचलून ठेवताना जिच्या कमरेत उसण भरते, ती माझी मुलगी खाली बसून मांजरांच्या घाणीचा ट्रे धूत होती. मग तिनं हवालदारला दोन गुडघ्यांत धरलं, जबडा उघडला, गोळी थेट घशाशी टाकली, तोंड मिटून गळा चोळला. झालं. भिंगमावशीनं नुसती मान डोलावली. त्या एका मान डोलावण्यानं मुलीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. परीक्षेत पहिली आली तेव्हा मी सगळ्या नातेवाइकांना फोन केले होते, तेव्हा नव्हता उजळला. नंतर दोघी एकाच ताटलीत जेवायला बसल्या. माझ्या हातचा अर्धा खाल्लेला घाससुद्धा "ई, आई" म्हणून नाकारणारी मुलगी! मला विचारलं, "तुम्ही घेणार?" मी म्हटलं, "मला भूक नाही." सपशेल खोटं. घरी येऊन उभ्याउभ्याच पातेल्यातलं गार खाल्लं.

पुढं एकदा भाजीच्या दुकानात ती भेटली. पिशवी सावरत म्हणाली, "आता खुशीत आहे ना पोर? नवा विषय मानवला तिला."

नवा विषय? कुठला विषय? माझ्या मुलीनं कॉलेजात विषय बदलला होता आणि ते मला एक भिंगवाली टोमॅटो निवडताना सांगत होती. मी हसून म्हटलं, "हो हो, छान मानवला." घरी आल्यावर मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "तू काळजी केली असतीस म्हणून नाही सांगितलं." म्हणजे काळजी करते म्हणून मला कळवायचं नाही, आणि कळत नाही म्हणून मी काळजी करते. यातून वाट कशी काढायची ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मुलगी स्वतःहून सांगायची. मांजर गेलं की भिंगमावशी जेवणच सोडते. रडत नाही, बोलत नाही, सुट्टीही घेत नाही. दुकानात जाऊन भिंगं घासते आणि घरी येऊन ते मांजर जिथं झोपायचं तिथं जमिनीवर बसते. "मी ताट घेऊन समोर बसते," मुलगी म्हणायची. "ती म्हणते जा, मी म्हणते नाही. शेवटी खाते." मागच्या हिवाळ्यात मी तापानं फणफणले होते, तेव्हा मुलीनं माझ्या उशाशी औषध आणि पाणी ठेवलं आणि म्हणाली, "आई, मी येतेच हं, मावशीकडचं एक मांजर गेलं, ती उपाशी असेल." माझ्याकडे बघायला तिचे बाबा होते ना घरात. बाबा! ज्यांना माझा ताप कळायला थर्मामीटर दाखवावा लागतो.

मग बटण आलं. एवढंसं पिल्लू, काळंपांढरं, नाकावर गोल ठिपका. पहिल्या तपासणीत रोग दिसला. पण डॉक्टर म्हणाले, इतक्या लहान पिल्लाचं एका तपासणीवर ठरवायचं नाही, कधी कधी शरीर विषाणूला दाबून टाकतं. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त बघू, तोवर वेगळं ठेवा. भिंगमावशीनं त्याला स्वयंपाकघरात ठेवलं, दार कायम बंद, वाडगे वेगळे, ट्रे वेगळा. आणि नियम घातला: आधी बटण, मग बाकीचे. आल्या आल्या हात धुवायचे, बटणचं खाणं, खेळणं, साफसफाई उरकायची, आणि त्यानंतरच बाहेरच्या खोलीत आजाऱ्यांकडे यायचं. एकदा आजाऱ्यांना हात लावला की त्या दिवशी बटणकडे फिरकायचं नाही. उलट कधी नाही. एका संध्याकाळी पिल्लू आत फार रडत होतं, मुलीला राहवलं नाही, ती हवालदारच्या अंगावरून उठून तशीच आत निघाली. भिंगमावशीनं तिला दारातच असं झापलं की पोरगी घरी येऊन उशीत तोंड घालून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. लिहायला संकोच वाटतो, पण ती संध्याकाळ माझी फार छान गेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, आणि तिचा जीव आता त्या पिल्लात होता. एकदा भीत भीत म्हणाली, "आई, बटण निरोगी निघालं तर त्याला तिथं ठेवता येणार नाही. कुठंतरी..."

"आपण आणू," मी म्हटलं.

नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली केलं. "मांजर? या घरात? तूच म्हणायचीस ना, केस उडतात?"

"उडतात तर झाडता येतात."

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. त्याला काय ठाऊक, माझं गणित कधीच मांडून झालं होतं. पिल्लू जिथं, मुलगी तिथं. दुसऱ्याच दिवशी मी खिडक्यांना जाळ्या बसवणाऱ्याला बोलावलं. रक्त अजून तपासायला गेलंही नव्हतं.

रक्त स्वच्छ निघालं. डॉक्टरांनी खात्रीसाठी दुसऱ्या पद्धतीनंही तपासलं, तेही स्वच्छ. बटणला आणायला आम्ही दोघी गेलो. भिंगमावशीनं टोपली तयार ठेवली होती, आत तिचा एक जुना डगला अंथरलेला.

"खिडक्यांना जाळ्या आहेत?" तिनं मला विचारलं.

"बसवल्या."

"स्वयंपाकघरात?"

"तिथंही."

"न्हाणीघरात? तिथून बरोब्बर निसटतात."

"तिथं तर सगळ्यात आधी बसवली."

"मग काय, बरंच आहे," ती म्हणाली. पण बरं वाटल्यासारखा चेहरा काही दिसला नाही.

मुलगी म्हणाली, "मावशी, तू रडतेयस?"

"भिंगाची भुकटी गेली डोळ्यात. आत्ताच आलेय दुकानातून."

"आज तर तुझं दुकान बंद असतं."

"मग कालची असेल! चल, उचल त्याला."

मुलगी टोपलीचं झाकण लावत म्हणाली, "मी उद्या येतेच. याचं सगळं उरकून येईन."

"येशील. आणि इथून कुठं जाशील?"

"घरी."

"म्हणजे आजाऱ्यांकडून निरोग्याकडे. उलट. काय शिकवलं मी तुला इतके दिवस?"

मुलीनं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं. मग म्हणाली, "पण मी हात धुऊन..."

"हातानंच तर जातं सगळं. नाही, बाई. एक काय ते धर. याला नेतेस ना, मग इकडचं संपलं. सासूबाईंचं मी बघेन, हवालदारचं मी बघेन. तू नव्हतीस तेव्हा कोण बघत होतं?" आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "झालं ना मनासारखं, ताई?"

"माझ्या मनाचा काय संबंध?" मी म्हटलं. पण जिना उतरताना माझे पाय इतके हलके पडत होते की मलाच लाज वाटली. पोरीनं नियम मानला. तिला तो अंगवळणी पडला होता, त्यात काही खोट असेल हे तिच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. मी तर तो नियम करणाऱ्या बाईला मनातल्या मनात धन्यवाद देत होते.

मग माझे सुखाचे दिवस सुरू व्हायला हवे होते. मुलगी रोज संध्याकाळी घरी. मी तिच्या आवडीचं करायची, ती खायची, "छान झालंय" म्हणायची. बटण नवऱ्याच्या वर्तमानपत्रावर बसायला लागलं आणि नवरा, ज्याला पंख्याची कुरकुर सहन होत नाही, तो पान न उलटता तीच बातमी तासभर वाचू लागला. सगळं कसं चित्रासारखं. आणि त्या चित्रात बसून मुलगी एकदम म्हणायची, "आता सासूबाईंच्या गोळीची वेळ." किंवा, "हवालदारचं वजन केलं असेल का मावशीनं?" फोन सारखा पालथा-उलटा करून बघायची. तिकडून काही येत नसे, हिनं पाठवलेल्याला उत्तर नसे. मुलीला मी परत आणली होती खरी, पण ती बाईही तिच्याबरोबर आली होती. आता ती आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज बसायची. मी तिला पूर्वीपेक्षा जास्तच पाण्यात पाहायला लागले.

आज बटणच्या लसीचा दुसरा डोस होता. मुलीचं प्रॅक्टिकल होतं, म्हणून मी घेऊन गेले. डॉक्टरांनी सुई टोचली, वजन केलं आणि विचारलं, "मुलगी कुठंय? हल्ली भिंगवाल्या बाईंबरोबरही दिसत नाही."

"तिकडं कशी जाईल, डॉक्टर? रोग घेऊन येईल ना घरी."

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. आजाऱ्यांकडून निरोग्याकडे जायचं नाही. आधी बटण, मग बाकीचे."

डॉक्टर हसले. "अहो, ते एका घरात, या खोलीतून त्या खोलीत, हातासरशी जाताना. हा विषाणू अंगाबाहेर फार वेळ तगत नाही. घरी येऊन साबणानं हात धुवा, कपडे बदला, आणि खुशाल घ्या मांडीवर. शिवाय आता लसही झाली. बाईंना हे पक्कं ठाऊक आहे, मीच किती वेळा बोललोय त्यांच्याशी." मग हातमोजे काढता काढता म्हणाले, "त्यांची ती म्हातारी करडी मांजर, सासूबाई, आता फार दिवसांची नाही. काल आणली होती, हिरड्या अगदी कागदासारख्या. मी म्हटलं, मुलीला बरोबर आणायचं होतं, एकट्या कशाला आलात? तर म्हणाल्या, तिला तिचं मांजर आहे आता."

तिला तिचं मांजर आहे आता.

हे वाक्य मी ताबडतोब ओळखलं. दोन वर्षं मी तेच बोलत आलेय. नवरा विचारायचा, पोरगी कुठंय, आणि मी भांडी आदळत म्हणायची, "तिला तिची मावशी आहे आता." शब्दसुद्धा तेच. म्हणजे रोगाचं भय वगैरे काही नव्हतंच. बाई जळत होती. पिल्लावर, माझ्यावर, माझ्या न्हाणीघराच्या जाळीवर. पोरगी अर्धी तिकडं, अर्धी इकडं होणार, हे तिला बघवणार नव्हतं, म्हणून तिनं पुरतीच हाकलून दिली. मला कळलं, कारण मलाही तेच करावंसं वाटायचं. फक्त आईला मुलगी हाकलता येत नाही.

टोपली घेऊन घरी येताना मी आनंदात होते, हे खोटं कशाला सांगू? माझ्या हातात आता असं काही होतं जे तिला कायमचं संपवू शकलं असतं. एक वाक्य पुरे होतं: तुझी मावशी तुझ्याशी खोटं बोलली. माझी मुलगी सगळं सहन करते, खोटं नाही. एका मैत्रिणीला तिनं शाळेत असताना तोडलं, ते अजून जोडलेलं नाही. वाटेत मी ते वाक्य निरनिराळ्या आवाजांत म्हणून पाहिलं. दुःखी आवाजात ते सगळ्यात चांगलं वाटत होतं.

जेवताना मुलीनं विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"वजन छान वाढलंय म्हणाले."

"मावशी दिसली का गं तिथं?"

"नाही." दिसली नव्हतीच.

"सासूबाई चावतात ना," ती ताटाकडे बघत म्हणाली, "एकीनं धरल्याशिवाय त्यांना गोळी देता येत नाही. मावशी एकटी कशी देत असेल?"

वाक्य जिभेवर होतं. मी तिला आणखी थोडा भात वाढला.

आणि तेव्हापासून हे असं चाललंय. ती मांजर आज जाईल, नाहीतर उद्या. मुलीला कुठूनतरी कळेलच. डॉक्टरांकडून कळेल, किल्लीवाल्याकडून कळेल. मग ती आधी विचारेल, "आई, तुला माहीत होतं?" हे भय एका बाजूला. दुसऱ्या बाजूला त्या दोन खोल्या. एक बाई जमिनीवर बसलीय, मांडीवर ते करडं मांजर, आणि समोर ताट घेऊन कुणी नाही. कितीही हाकललं तरी हा देखावा जात नाही. मी मनाशी म्हणते, तिनंच ओढवून घेतलं, भोगू दे. मन म्हणतं, बरं, भोगू दे. आणि पुन्हा तिथंच जाऊन बसतं.

मुलीला सांगितलं तर ती धावत जाईल, पण ते खोटं आधी तिच्या घशात अडकेल, मग त्या बाईच्या दारात उभी राहून ती काय बोलेल कोण जाणे. तेही आजच्या दिवशी. नाही सांगितलं तर ती इथं बसून गोळीच्या वेळा मोजत राहील. म्हणून मी ठरवलंय. मुलीला नाही, तिलाच फोन करायचा. सांगायचं, की डॉक्टर भेटले होते, मला सगळं कळलंय, आणि मी मुलीपाशी एक शब्द काढलेला नाही. उद्या सकाळी तुम्हीच तिला बोलवा. म्हणा, डॉक्टरांनी आता लस झाल्यावर परवानगी दिली. मी मान डोलावीन. पण माझ्या अटी आहेत, आणि त्या मी आधी सांगणार आहे, गोड बोलायच्या आधी. रात्रीचं जेवण तिनं घरी करायचं. कॉलेजातलं काहीही असलं तरी ते मला भाजीच्या दुकानात कळता कामा नये. आणि आम्ही तिघी असलो की दोघींनी मिळून माझ्यावर हसायचं नाही. निदान मी जिना उतरेपर्यंत तरी नाही.

कबूल करेल का? भांडेल आधी. म्हणेल, तुम्ही कोण मला सांगणार? मी म्हणेन, आई.

ती मला अजूनही आवडत नाही. उद्या मुलगी तिच्याकडे निघाली की माझ्या कपाळाला पुन्हा तीच आठी पडेल, मला ठाऊक आहे. पण सकाळपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. ती जागी असणार, दिवा लावून बसलेली असणार. माझा नंबर बघून पहिल्यांदा उचलणार नाही. मग मी पुन्हा लावीन.